जुन्या कन्सोलवरचे टर्न-बेस्ड युद्धखेळ: सेव्हच्या बॅटरीपासून पहिल्या वारापर्यंत

टर्न-बेस्ड युद्धखेळात तुम्हाला घाई करणारं कोणी नसतं. बोटांची चपळाई लागत नाही, आणि तुमची चाल संपेपर्यंत समोरचा रणगाडा जागचा हलत नाही. तरीही पुष्कळ जण दोन-चार नकाशे खेळून हे खेळ बाजूला ठेवतात. कारण बहुतेक वेळा एकच असतं: पहिल्या दिवसापासून (खेळातला दिवस म्हणजे दोन्ही बाजूंची एकेक चाल, म्हणजेच टर्न) सगळी फौज शत्रूच्या दिशेनं पळवली जाते. फौज पांगते, पुढचे रणगाडे एकेकटे सापडतात आणि सहाव्या-सातव्या दिवशी डाव हातातून निसटतो. या खेळांत शत्रूला आपल्या टप्प्यात पाऊल टाकायला लावणारा जिंकतो. खालचं बरंचसं लेखन याच गोष्टीभोवती आहे. पण त्याआधी जुनं यंत्र आणि जुनं कार्ट्रिज धड असायला हवं, कारण लांबलचक मोहीम सेव्हसकट उडाली की पुन्हा पहिल्यापासून बसायला मन धजत नाही.

पहिला खेळ कोणता घ्यावा

शहरं काबीज करायची, त्यांतून रोज पैसा मिळवायचा, पैशातून कारखान्यात नवी युनिटं काढायची आणि शेवटी शत्रूचं मुख्यालय घ्यायचं, ही घडी कन्सोलवर नीट बसवली ती १९८८ सालच्या ‘फॅमिकॉम वॉर्स’नं. फॅमिकॉम हा निन्टेन्डोचा जपानी कन्सोल, अमेरिकेत त्यालाच एनईएस म्हणत. निन्टेन्डोसाठी हा खेळ इंटेलिजंट सिस्टम्सनं बनवला होता आणि तो जपानपुरताच राहिला. त्याच घराण्यातला ‘अ‍ॅडव्हान्स वॉर्स’ सप्टेंबर २००१ मध्ये निन्टेन्डोच्या हातात धरायच्या गेम बॉय अ‍ॅडव्हान्सवर इंग्रजीत आला, आणि नवख्यानं सुरुवात करावी ती इथूनच. त्यात शिकवणीचे नकाशे आहेत. हल्ला करण्यापूर्वी अंदाजे किती टक्के नुकसान होईल ते पडद्यावर दिसतं, आणि आपल्या टर्नमध्ये कुठेही सेव्ह करून यंत्र बंद करता येतं. जुन्या खेळांत या तीनही सोयी एकत्र क्वचित सापडतात.

पीसी इंजिन किंवा टर्बोग्राफ्क्स (एकाच कन्सोलची जपानी आणि अमेरिकी आवृत्ती) हाताशी असेल तर हडसनचा १९८९ चा ‘नेक्टारिस’ घ्या. अमेरिकेत त्याचं नाव ‘मिलिटरी मॅडनेस’. चंद्रावरचं युद्ध, षटकोनी घरं आणि उत्पादन अजिबात नाही, म्हणजे हातात आहे तेवढ्यावर भागवायचं. सेगाच्या मेगा ड्राइव्हवर १९९२ चा ‘शायनिंग फोर्स’ आहे. त्यात रणगाड्यांऐवजी तलवारी आणि मंत्र येतात, आणि चाल सबंध बाजूची नसून प्रत्येक पात्राच्या वेगानुसार येते, पण जागेचा विचार तोच. प्लेस्टेशनवरचा ‘पॅन्झर जनरल’ दुसऱ्या महायुद्धाच्या बारकाव्यांसाठी. तिथे तुमची मुख्य युनिटं एका लढाईतून पुढच्या लढाईत जातात, त्यामुळे अनुभवी तुकडी गमावली की ते पुढे बरेच दिवस जाणवतं.

मेगा ड्राइव्हवरच्या १९९१ च्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड दाइसेनर्याकु’नं मात्र सुरुवात करू नका. खेळ खोल आहे, पण सगळा जपानीत आहे आणि संगणकाची एक टर्न संपायला इतका वेळ लागतो की मधल्या वेळात दुसरं काम उरकावं. हा प्रकार मनात भिनल्यावरच त्याच्याकडे वळावं.

यंत्र आणि वीज

गेम बॉय अ‍ॅडव्हान्सच्या पहिल्या मॉडेलला पडद्यामागे दिवा नाही. २४० बाय १६० ठिपक्यांच्या त्या पडद्यावर जंगल आणि डोंगर वेगळे ओळखायला भरपूर उजेड लागतो. एसपी मॉडेल घेताना पाठीवरचं लेबल वाचा: एजीएस-००१ म्हणजे समोरून पडणारा फिकट उजेड, एजीएस-१०१ म्हणजे मागून येणारा चांगला उजेड. लेबल बदललेलं असू शकतं, म्हणून दिव्याचं बटण दाबून बघा. ००१ मध्ये दिवा पूर्ण विझतो, १०१ मध्ये फक्त कमी-जास्त होतो. निन्टेन्डो डीएस आणि डीएस लाइटवरही ही कार्ट्रिजं चालतात, पण त्यांना लिंक केबलचं भोक नाही. केबल जोडून दोघांनी खेळायचं असेल तर ती यंत्रं कामाची नाहीत. एकच यंत्र हातोहात फिरवून खेळता येतं.

टीव्हीला जोडायच्या कन्सोलमध्ये सगळ्यांत महागात पडणारी चूक म्हणजे चुकीचा अ‍ॅडॅप्टर. अमेरिकी एनईएसचा मूळ अ‍ॅडॅप्टर ९ व्होल्ट एसी देतो, कारण एसीचं डीसी करणारा भाग कन्सोलच्या आत आहे. फॅमिकॉम, सुपर फॅमिकॉम आणि पहिल्या मॉडेलच्या मेगा ड्राइव्हला डीसी लागतं, आणि त्यांच्या पिनेचा मधला भाग ऋण असतो. टोक बसतंय म्हणून एनईएसचा अ‍ॅडॅप्टर यांना लावला तर आतले भाग जळू शकतात. व्होल्ट, एसी की डीसी, अँपियर आणि ध्रुव या चारही गोष्टी अ‍ॅडॅप्टरच्या लेबलवर वाचल्याशिवाय स्विच लावू नका. अँपियर मूळपेक्षा जास्त असले तर बिघडत नाही, कमी असले तर मात्र बिघडतं.

प्रदेशाचंही बघून घ्या. फॅमिकॉम कार्ट्रिजला ६० पिना आणि एनईएसला ७२, त्यामुळे मधे जोडणी लागते. पीसी इंजिन आणि टर्बोग्राफ्क्सची कार्डं दिसायला सारखी असली तरी त्यांच्या पिनांची मांडणी वेगळी आहे. गेम बॉय अ‍ॅडव्हान्सला प्रदेशाचं कुलूप नाही.

चित्राबद्दल थोडक्यात. जुन्या कन्सोलचं २४०पी (२४० ओळींचं सलग) चित्र काही नवे टीव्ही ४८०आय (एकाआड एक ओळी दाखवणारं) समजून विणायला जातात आणि बारीक अक्षरं थरथरतात. धावपळीच्या खेळात नव्या टीव्हीचा उशीर खुपतो, इथे तो खुपत नाही. म्हणून स्वस्तातला चित्र-रूपांतरक इथे बिनधास्त चालेल. पैसे घालायचेच तर कॉम्पोझिटऐवजी आरजीबी केबलवर घाला, कारण या खेळांत तुम्ही सतत आकडे वाचत असता.

सेव्ह टिकतंय का, ते आधी बघा

नवं घेतलेलं जुनं कार्ट्रिज आधी स्वच्छ करा. ९० टक्क्यांहून तीव्र आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीला लावा, सोनेरी पट्ट्यांवरून लांबीच्या दिशेनं फिरवा, काळं येणं थांबेपर्यंत काड्या बदलत राहा आणि पूर्ण वाळू द्या. तोंडानं फुंकर मारू नका. फुंकरीतल्या ओलाव्यानं पट्ट्या हळूहळू गंजतात. फुंकल्यावर खेळ चालू झाल्यासारखा वाटतो तो बहुतेक वेळा कार्ट्रिज काढून पुन्हा बसवल्यामुळे.

मग सेव्हची परीक्षा. पहिला नकाशा सुरू करा, सेव्ह करा, यंत्र बंद करा, कार्ट्रिज बाहेर काढून एक पूर्ण दिवस ठेवा आणि मग बघा. पाच मिनिटांनी बघून समाधान मानू नका. मरायला टेकलेला सेल थोडा वेळ सेव्ह धरून ठेवतो आणि रात्रीत सोडून देतो. गेम बॉय अ‍ॅडव्हान्सच्या काही खेळांत बॅटरीच नसते, सेव्ह फ्लॅश किंवा ईईप्रॉम या विजेशिवाय माहिती धरून ठेवणाऱ्या चिपमध्ये राहतं. इतरांत बटण सेल असतो. नकली कार्ट्रिजं याच परीक्षेत नापास होतात. खऱ्याची ओळख अशी: लेबलवर दाबून उठवलेले दोन आकडे तिरप्या उजेडात दिसतात, आणि खालच्या फटीतून पाहिलं तर पट्ट्यांच्या वर बोर्डावर निन्टेन्डोचं नाव छापलेलं असतं.

एनईएसच्या बॅटरीवाल्या कार्ट्रिजची एक खास सवय आहे. बंद करताना रीसेट दाबून धरायचा आणि मग पॉवर बंद करायची. वीज जाताना प्रोसेसर भलतंच काही सेव्हच्या जागी लिहू नये म्हणून ही तजवीज.

एनईएस, सुपर निन्टेन्डो आणि मेगा ड्राइव्हच्या बहुतेक सेव्हवाल्या कार्ट्रिजमध्ये ३ व्होल्टचा सीआर२०३२ सेल असतो. तो तीस वर्षांचा झाला असेल तर सेव्ह टिकत असलं तरी बदलून टाका. क्रम असा ठेवा:

१. सेल काढला की आतलं सेव्ह गेलं. जपायचं असेल तर कार्ट्रिज वाचणाऱ्या यंत्रानं सेव्हची प्रत आधी संगणकावर काढा.

२. कार्ट्रिज उघडायला ३.८ मिलिमीटरचा गेमबिट (खास आकाराचं पेचकसाचं टोक) लागतो. प्लॅस्टिकचं पेन वितळवून स्क्रू काढण्याच्या नादी लागू नका, स्क्रूची खाच खराब होते.

३. मल्टिमीटरनं सेलवरचा दाब मोजा. नवा सेल ३ व्होल्टच्या किंचित वर असतो. २.५ च्या खाली आला असेल तर तो निकालात काढायची वेळ झाली.

४. नवा सेल पत्र्याची पानं वेल्ड केलेलाच घ्या. साध्या सेलवर थेट डाग (सोल्डर) दिला तर तो तापून फुगतो, क्वचित फुटतो.

५. बोर्डावरचं धन-ऋण चिन्ह बघा, जुना सेल काढण्यापूर्वी त्याचा फोटो घ्या. जुन्या डागावर थोडं ताजं शिसं घातलं की तो लवकर वितळतो. प्रत्येक टोकाला सोल्डरिंग आयर्न दोन-तीन सेकंदच टेकवा.

६. पुन्हा मोजा, बंद करा आणि वरची एका दिवसाची परीक्षा घ्या.

सेल उलटा बसला तर सेव्ह होणारच नाही. सेल नीट असूनही सेव्ह जात असेल तर बहुतेक वेळा एखादा डाग थंड राहिलेला असतो: चमक नसलेला, गोळ्यासारखा. तो पुन्हा वितळवा. सेगा सॅटर्नला हीच अडचण कन्सोलच्या आत असते. मागच्या झाकणाखालचा सीआर२०३२ संपला की अंतर्गत सेव्ह पुसलं जातं, पण तिथे डाग द्यावा लागत नाही, सेल नुसता सरकवायचा असतो.

पहिले पाच दिवस

आता खेळ. इथून पुढचे आकडे ‘अ‍ॅडव्हान्स वॉर्स’चे आहेत. इतर खेळांत आकडे बदलतील, पण हिशोबाची पद्धत हीच उपयोगी पडेल.

ताब्यातल्या प्रत्येक इमारतीमागे रोज १,००० मिळतात. पायदळाची तुकडी १,००० ला मिळते. म्हणजे एका तुकडीनं एक शहर घेतलं की दुसऱ्याच दिवशी तिची किंमत वसूल, आणि पुढचं सगळं नफ्यात. कारखाना असलेल्या नकाशावर पहिले दोन-तीन दिवस पायदळच काढा. ७,००० चा रणगाडा पहिल्या दिवशी डोळ्यांना सुखावतो, पण तो शहर घेऊ शकत नाही.

शहर घेण्याचं गणित बारीक आहे आणि नवखे इथेच एकेक दिवस हरवतात. प्रत्येक इमारतीचे २० गुण असतात, आणि रोज तुकडीच्या शक्तीइतके गुण उतरतात. पूर्ण १० शक्तीची तुकडी दोन दिवसांत घेते. मधे शत्रूनं तिला ९ वर आणलं तर १० अधिक ९ म्हणजे १९, एक गुण उरतो आणि तिसरा दिवस लागतो. तुकडी मधेच हलली तर मोजणी पुन्हा २० पासून. याचा उलटा उपयोग मोठा आहे: शत्रू तुमचं शहर घेत असेल तर त्याला मारून टाकण्याची गरज नाही, एक ओरखडा काढला तरी दिवस वाचतो.

तुकड्यांची वाटणीही आधीच ठरवा. कारखान्याजवळची शहरं उशिरा निघालेल्या तुकड्यांसाठी सोडा. पहिली तुकडी सरळ दूरच्या शहराकडे पाठवा. पायदळ दिवसाला तीन घरं चालतं. पहिल्या तुकडीनं वाटेतलं जवळचं शहर घेत बसायचं ठरवलं तर दूरचं शहर दोन दिवस उशिरा मिळतं, आणि ते दोन दिवस अख्ख्या डावभर भरून निघत नाहीत. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पहिली तोफ, ६,००० ला. मग रणगाडे. शत्रूकडे हेलिकॉप्टर दिसलं की ८,००० ची विमानविरोधी गाडी. ती पायदळालाही एका फटक्यात साफ करते, म्हणून कधीच वाया जात नाही.

लढाईचा हिशोब

युनिटची ताकद तिच्या शक्तीच्या प्रमाणात असते. १० शक्तीचा रणगाडा जेवढं नुकसान करतो त्याच्या निम्मं ५ शक्तीचा करतो. हल्ला करणारा आधी मारतो, आणि उरलेला शत्रू उरलेल्या शक्तीनंच उलट वार करतो. पहिला वार इतका मोलाचा ठरतो तो यामुळेच.

एक लढाई जवळून बघू. रणगाड्याचं रणगाड्यावर मूळ नुकसान ५५ टक्के आहे, त्यात नशिबाचे थोडे टक्के मिसळतात. जमिनीचा प्रत्येक संरक्षण-तारा पूर्ण शक्तीच्या युनिटचं नुकसान १० टक्क्यांनी कमी करतो: रस्त्याला शून्य तारे, मैदानाला एक, जंगलाला दोन, शहराला तीन, डोंगर आणि मुख्यालयाला चार. दोन्ही रणगाडे रस्त्यावर असतील तर तुमच्या पहिल्या वारानंतर शत्रू ४ किंवा ५ शक्तीवर येतो आणि उलट वारात तुमचं साधारण २५ टक्के नुकसान करतो. हा सौदा चांगला. आता शत्रू शहरात उभा आहे आणि तुम्ही रस्त्यावरून चालून जाता असं धरा. तुम्ही केलेलं नुकसान ३८ ते ४५ टक्क्यांवर उतरतं. शत्रू ६ किंवा ७ शक्तीवर राहतो आणि उलट वारात तुमचंही ३५-४० टक्के नेतो. पहिला वार करूनही पदरात काही पडलं नाही, आणि वर पुढच्या टर्नला तो शहरातच दोन गुणांनी दुरुस्त होणार. पडद्यावर दिसणारा टक्का हा फक्त तुमच्या वाराचा असतो. उलट वाराचा हिशोब खेळ करून देत नाही, तो तुम्ही करायचा.

म्हणून हल्ल्याआधी आपण कुठल्या घरात थांबून मारणार ते निवडा. शत्रूला चार बाजूंनी मारता येत असेल तर जंगल किंवा शहर असलेली बाजू धरा. रस्ता चालायला असतो, लढायला नाही.

मारण्याच्या क्रमालाही तेवढंच महत्त्व आहे. आधी ज्यांना उलट वार बसत नाही ते, म्हणजे तोफा. मग बलवान युनिट. शेवटी कमकुवत, जे नुसती सांगता करील. तोफेचं रणगाड्यावर मूळ नुकसान ७० टक्के. मैदानावर उभा रणगाडा एका गोळ्यात ३-४ शक्तीवर येतो, मग तुमचा रणगाडा त्याला संपवतो आणि स्वतःवर एक ओरखडाही घेत नाही. हाच क्रम उलटा केला तर शत्रू मरतो तरी, पण तुमचा रणगाडा जखमी होऊन बसतो.

जखमी युनिट फेकून देऊ नका. स्वतःच्या शहरात उभं केलं की रोज २ शक्ती परत मिळते आणि त्याचे पैसे प्रमाणात कापले जातात. एकाच जातीची दोन जखमी युनिटं एका घरात आणली की ती एक होतात.

भिंत आणि तोफा

तोफेचा टप्पा २ ते ३ घरं, रॉकेटचा ३ ते ५. दोन्ही एका टर्नमध्ये चालून मारू शकत नाहीत आणि शेजारच्या घरावर मारू शकत नाहीत. म्हणून तोफेला भिंत हवी, आणि सर्वांत स्वस्त भिंत १,००० च्या पायदळाची. शत्रूचा रणगाडा मैदानावरच्या पूर्ण शक्तीच्या पायदळाचं एका वारात ६५-७० टक्के नुकसान करतो, म्हणजे एका वारानं भिंत पडत नाही. डोंगरावर तेच नुकसान ४५ च्या आसपास येतं. ७,००० चं युनिट तुमच्या १,००० च्या युनिटवर आपली टर्न घालवतं आणि त्याच वेळी तुमच्या तोफेच्या टप्प्यात येऊन उभं राहतं. शत्रूला टप्प्यात पाऊल टाकायला लावणं म्हणजे हेच.

भिंत लावताना बोट ठेवून घरं मोजा. शत्रूच्या युनिटवर बी बटण दाबून धरलं की त्याचा टप्पा दिसतो. तो बघून पायदळ अशा घरांत उभं करा की शत्रूला मारता येईल, पण भिंतीमागे शिरता येणार नाही. भिंतीत एक घराची फट राहिली आणि ६ घरं चालणारा रणगाडा आत शिरला, की तोफा शेजारच्या घरावर मारू शकत नसल्यानं तिथेच गारद होतात. सर्वाधिक नकाशे हरले जातात ते याच फटीतून. कर्णरेषेत उभी असलेली दोन युनिटं भिंत वाटतात आणि चालही अडवतात, पण एक पडलं की दोन घरांची वाट मोकळी होते. म्हणून मागे एक राखीव तुकडी ठेवा.

पुढे सरकायचं तर तोफा दोन गटांत करा. एक गट हलतो तेव्हा दुसरा जागेवर असतो, म्हणजे कोणत्याही दिवशी निम्म्या तोफा तरी मारायला तयार असतात. कारखान्याच्या नकाशावर सैन्य हळूहळू पुढे नेण्याची याहून भरवशाची रीत नाही.

सेनापती निवडताना भिंतीशी जुळणारा घ्या. ग्रिटच्या लांबून मारणाऱ्या युनिटांचा टप्पा एकानं वाढतो, मॅक्सचा एकानं घटतो, पण त्याचे रणगाडे बाकीच्यांवर भारी पडतात. नवख्यानं मॅक्स घेऊन तोफा काढल्या आणि मग खेळ अवघड आहे म्हणून चिडला, असं होऊ देऊ नका. सामी घेतलीत तर पायदळ दीडपट वेगानं शहरं घेतं, आणि २० गुणांचं गणित वेगळं मांडावं लागतं.

विमानं आणि जहाजं इंधनावर जगतात. हेलिकॉप्टर रोज २ आणि विमान ५ इंधन नुसतं हवेत राहूनच खातं. शून्यावर आलं की कोसळतं. ५,००० च्या रसद गाडीनं शेजारी जाऊन थांबलं तर टर्नच्या सुरुवातीला आपोआप भरून मिळतं. २२,००० चं बॉम्बफेकी विमान काढण्याआधी शत्रूच्या विमानविरोधी गाड्या मोजा. दोन असतील तर पैसे रणगाड्यांत घाला.

धुक्यातले नकाशे

धुक्याच्या नकाशावर दिसेल तेवढंच खरं. जंगलात लपलेलं युनिट शेजारच्या घरात गेल्याशिवाय दिसत नाही, आणि वाटेत न दिसणाऱ्या शत्रूवर आदळलात की तुमची चाल तिथेच संपते. चालीचा क्रम इथेही निकाल ठरवतो: आधी टेहळणी गाडी किंवा डोंगरावर चढवलेलं पायदळ हलवा, काय उघडं पडतं ते बघा, मगच रणगाडे. पायदळाची नजर एरवी २ घरं, डोंगरावर ती ३ घरांनी वाढते. तोफा सर्वांत शेवटी, कारण जागेवरून मारायचं की हलायचं हे तोवर कळलेलं असतं. शत्रूच्या जंगलाशेजारी रात्र काढायची वेळ आली तर त्या जंगलात स्वतःचं पायदळ घालून ठेवा.

षटकोनांवरचं युद्ध

‘नेक्टारिस’कडे वळलात की दोन सवयी बदला. इथे एका युनिटमध्ये जास्तीत जास्त ८ यंत्रं असतात आणि शेजारी उभं असलेलं आपलं युनिट हल्ल्याला आधार देतं. त्यामुळे एकट्या बलाढ्य रणगाड्यापेक्षा शेजारी शेजारी उभे दोन साधे रणगाडे जास्त काम करतात. शिवाय शत्रूच्या शेजारच्या घरात शिरलं की चाल थांबते. म्हणजे दोन युनिटं नीट उभी केली तर मधली रिकामी घरंही अडवली जातात, आणि शत्रूला वेढा पडला की त्याची ताकद घसरते. हल्ल्याआधी वेढा पुरा करा, मग मारा. बरेच जण आधी मारतात आणि वेढ्यासाठी लागणारं शेवटचं युनिट दुसरीकडे खर्च करून बसतात.

दुसरं म्हणजे कारखाने. त्यांत नवं काही बनत नाही, पण ओसाड दिसणारे काही कारखाने आतल्या युनिटांसकट तुमच्या हाती येतात आणि जखमी युनिटं तिथे दुरुस्त होतात. पायदळ दुबळं आणि संथ आहे. त्याला वाहक विमानात बसवून पहिल्या एक-दोन टर्नमध्येच मधल्या कारखान्यावर उतरवा. तो कारखाना शत्रूला मिळाला तर पुढचे दहा टर्न त्याची फौज दुरुस्त होत राहील.

मोठे नकाशे कसे पुरे करावेत

मोठा नकाशा एका बैठकीत संपवायचा हट्ट धरू नका. थांबताना टर्नच्या शेवटी थांबू नका, सुरुवातीला थांबा: संगणकाची चाल बघा, आपली टर्न आली की सेव्ह करा आणि बंद करा. दुसऱ्या दिवशी समोर काय आहे ते ताज्या डोळ्यांनी दिसतं. वहीत दोन ओळी लिहून ठेवा: कोणती शहरं घ्यायची राहिली आणि तोफांचा कोणता गट हलायचा आहे. पासवर्डवाल्या खेळांत अक्षरं लिहिताना शून्य आणि ओ, एक आणि आय वेगळे दिसतील असे लिहा.

मनासारखी चाल पडली नाही म्हणून दर वेळी जुनं सेव्ह उघडायची सवय लागली तर उलट वाराचा हिशोब कधीच अंगी मुरत नाही. एक नियम घालून घ्या: एका नकाशावर एकदाच मागे जायचं. ‘शायनिंग फोर्स’मध्ये तर हरण्यातही सोय आहे. नायक पडला तर निम्मं सोनं जातं, पण मिळवलेला अनुभव राहतो, आणि एग्रेस मंत्रानं वेळीच बाहेर पडलात तर सोनंही वाचतं. अडलेला नकाशा तिथे दोन-तीनदा खेळून पात्रं तगडी करायची असतात.

दोघांत खेळायला ‘अ‍ॅडव्हान्स वॉर्स’चा लहान नकाशा आणि एकच यंत्र पुरेसं आहे. दुसऱ्याला पहिल्या टर्नचा फायदा द्या, धुकं बंद ठेवा, आणि दोघांनी तोच सेनापती घ्या. अँडी बरा, त्याच्या युनिटांत कुठे उणं-अधिक नाही. तीन डाव झाले की धुकं चालू करा. मग नकाशा बनवायच्या खोलीत जाऊन स्वतःचा नकाशा काढा: दोन्ही बाजूंना चार-चार शहरं, मधे एक पूल, आणि पुलाच्या दोन्ही तोंडांना एकेक जंगल.